सासूबाईंच्या मनातलं फूल

ये गं, अशी जवळ बस. आणि तो फोन ठेव बाजूला. महिन्या-महिन्यांनी आजीला तोंड दाखवतेस, तेही अर्धंच! मघाशी विचारत होतीस ना, कपाटातली ती जादूची इंग्रजी पुस्तकं कुणाची? माझी.

ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही बेंगळुरात आलो, साठ सालाच्या आगेमागे. अव्हेन्यू रोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ती दोन सापडली, खेळ करणाऱ्या जादूगारांनीच लिहिलेली. शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ह्यांच्याकडून शिकले आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ सोडवायची. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं कसं, तेसुद्धा होतं त्यात! सासूबाई म्हणायच्या, "मनातलं नंतर ओळख, आधी आमटीत मीठ घातलंयस का ते ओळख."

पुस्तक म्हणे, घाईनं फुलाचं नाव विचारा, माणूस गुलाबच म्हणतो. मी कागदावर गुलाब लिहून ठेवला आणि शेजारच्या कानडी अक्कांना विचारलं. "मल्लिगे!" म्हणजे आपला मोगरा, केसांत माळलेलाच होता. भाजीवाली म्हणाली शेवंती. तिच्या टोपलीशेजारीच शेवंतीच्या माळा विकायला. तेव्हा लक्षात आलं, माणूस डोळ्यासमोरचं बोलतो. गुलाब त्या लिहिणाऱ्या साहेबाच्या बागेत असणार!

गणेशोत्सवात मराठी मंडळींपुढे खेळ करायचं ठरवलं. सासूबाईंनी बजावलं, "हसं झालं तर पुस्तकं रद्दीत." मी मुद्दाम मूर्तीच्या बाजूला उभी राहिले, बाप्पाच्या गळ्यातला जास्वंदीचा हार सगळ्यांना दिसेल अशी. पाटीवर जास्वंद लिहून ती पालथी धरली. "कुणीतरी मनात एक फूल धरा," म्हटलं, तर पहिल्या रांगेतून सासूबाईच उठल्या! आता गेली पुस्तकं! त्यांचा जीव पारिजातकावर. रोज सकाळी परडीभर वेचायच्या.

"बोला," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हाराकडे.

"जास्वंद."

पाटी उलटी केली. काय टाळ्या पडल्या! पुस्तकं रद्दीतून सुटली. घरी आल्यावर मी हळूच विचारलं, "खरंच जास्वंद धरलं होतंत?"

"मनातलं ओळखतेस ना? मग ओळख की!"

नाही गं ओळखता आलं, त्या गेल्या तरी. अजून मधूनच पुस्तकं चाळून बघते. तू पुन्हा लवकर ये हो, नुसतं फोनवर नको. आणि येताना मनात एक फूल धरून ये.