कोमट पाणी

चर्चच्या वृद्धाश्रमात मावशीचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता: म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे ते तिनंच. प्रभूनं गुडघ्यावर बसून शिष्यांचे पाय धुतले, मग आपण कोण टिकोजीराव लागून गेलो, असं ती म्हणायची. आणि दुसऱ्या कुणी टबाला हात लावला, की स्वतःच टिकोजीराव व्हायची. "मी आपली प्रभूची दासी," हे तर अशा थाटात, की समोरच्यानं मुकाट्यानं बाजूला व्हावं. नवरा गेल्यावर ती इथे कपडे धुवायला आली आणि इथलीच झाली.

त्या सकाळी मास्तरीणबाईंचा मोजा काढताना नर्स किंचाळलीच. करंगळीपासून घोट्यापर्यंत टरारून फोड आलेले. बाईंना जुनी शुगर, पाय इतके बधिर की टाचणी टोचली तरी कळायची नाही.

"कढत पाण्यानं भाजलंय," डॉक्टर म्हणाले. "करंगळी वाचेलसं वाटत नाही."

मावशी पुढे झाली. ठामपणे म्हणाली, "काल मी हात घालून बघितलं होतं. कोमट होतं."

मग उरला आचारी. पाणी तापवणारा तोच, मधूनमधून किटलीनं भर घालणाराही तोच. शिवाय प्रार्थनेला दांड्या मारणारा. त्याची बाजू कोण घेणार? पाळकांनी त्याला संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं.

"शपथेवर सांगतो, काल मी वरून थेंबही घातला नाही," तो म्हणत राहिला. मावशीनं तोंड फिरवलं. चोर तो चोर, वर शिरजोर, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

दुपारी पोस्टमन आजोबांची पाळी. अर्धांगवायूनं त्यांचाही एक पाय मेलेला. आज मावशीनं पाणी स्वतः तापवलं, स्वतः विसणलं, हात घालून पाहिलं. कोमट. आजोबांनी दोन्ही हातांनी पाय उचलून टबावर धरला, ती खाली वाकली, आणि तिचा चष्मा वाफेनं पांढरा झाला.

कोमट पाण्याची एवढी वाफ?

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की आजोबांनी पाय पोटाशी ओढला.

शेजारी स्वयंपाकघरात आचारी वळकटी बांधत होता. तिनं टब त्याच्यापुढे ठेवला. "जरा बोट घालून बघ."

"आई गं!" त्यानं हात झटकला. "मावशी, तुम्हाला काहीच होत नाही?"

तिनं मनगटापर्यंत हात बुडवला. काहीच झालं नाही. वर्षानुवर्षं सोडा आणि उकळते कपडे उपसून हाताची कातडी मेली होती. चुलीवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची, वर कौतुकही करून घ्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आचारी पुन्हा वळकटीकडे वळला. बोलून त्याचं ऐकणार कोण? मावशीला सगळं लख्ख दिसत होतं. तोंड मिटून राहिलं, तर तो जाईल आणि ही गोष्टही त्याच्याबरोबर जाईल. बोललं, तर टब जाईल. टबावाचून तिच्याजवळ होतं काय? इतकी वर्षं दासी म्हणवून घेतलं. धन्यानं आज पहिल्यांदाच काही मागितलं, आणि तिला ते द्यायचं नव्हतं.

ती पाळकांच्या दारात जाऊन उभी राहिली. "त्याला थांबवा. बाईंचा पाय मी भाजला."

पाळकांनी आचाऱ्याला थांबायचा निरोप धाडला. मग म्हणाले, "आजपासून टबाला हात लावू नका."

कपड्यांच्या खोलीत मावशी हमसून हमसून रडली.

मास्तरीणबाईंची करंगळी गेलीच. दवाखान्यातून परतल्यावर नर्सनं टब आणला, तर त्या पाय देईनात. "मावशीला बोलवा."

"अहो, पण तिनंच तर..."

"ठाऊक आहे मला. पाणी दुसऱ्यानं बघावं, पाय तिनं धुवावेत."

पाळकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हो म्हणाले.

मावशी गुडघ्यावर बसली. हात मांडीवर, आचारी येईपर्यंत पाण्याला शिवायचं नव्हतं. तोही काही कमी नव्हता. आरामात कांदा चिरून झाल्यावरच आला. त्यानं कोपर बुडवलं.

"हं. चालेल."

बाईंनी पाय पुढे केला. "आता बोटं कमी झालीत. काम लवकर आटपेल."

मावशीला हसू आलं नाही. करंगळीच्या रिकाम्या जागेवर तिची नजर थांबली. तिनं मान वर करून आचाऱ्याला पुन्हा विचारलं, "नक्की ना रे, भाऊ?"