इंजिनाखालचं रबर

मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. शाळेत दोन पावसाळे काढले, तेबी तिथलं छप्पर गळत नव्हतं म्हणून. माझं इंजिनिअरिंग एवढंच: हलतंय ते घट्ट कर, हलत नसलं तरी अजून घट्ट कर. ट्रॅक्टरला हे चालतं. तिथं इंजिन धडालाच बोल्टनं आवळलेलं असतं, मधी रबर-बिबर काय नाय.

तरी पेठ रोडच्या माझ्या गॅरेजला एक विलायती गाडी येते. दोन सीटची, कापडी छपराची, एवढी बुटकी की बसायचं म्हणजे हौदात उतरायचं. शहरातले एक काका हायेत, बँकेतून रिटायर झालेले, त्यांच्या वडलांची गाडी ती. दिवाळीच्या तोंडावर काका एक खोका घेऊन आले. थेट इंग्लंडहून मागवलेला.

"हे इंजिनाचे फाउंडेशन, इंजिन यावर टेकतं," काका म्हणले. "भाऊबीजेच्या आधी बसवून दे. तुझी काकू दहा वर्षं या गाडीत बसलेली नाही, पाठीचा खुळखुळा होतो म्हणते. यंदा सायखेड्याला भावाकडे याच गाडीतून यायला तयार झालीय. पण हादरली तर गाडी विकायची, असा शब्द देऊन बसलोय मी."

खोक्यात दोन नग. दर नगात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मधी काळं रबर. अंगठ्यानं दाबलं तर दबलं की!

"काका, तुम्हाला फसवलं. याच्यापेक्षा माझ्या चपलेचा तळ टणक हाय."

"तू बसव रे."

आता आमच्या धंद्यात एक रीत हाय. बॉनेट उघडलं की आधी मागच्या मिस्त्रीला शिव्या घालायच्या. त्यानं गिऱ्हाइकाला बरं वाटतं, आपली किंमत वाढते. मी खाली घुसलो. बघतो तर इंजिनाखाली रबरच नाय, नुसत्या जाड लोखंडी पट्ट्या, त्याबी डबल नट मारून.

"कुठल्या आडाण्यानं केलं हे?" मी खालूनच सुरू झालो. "याला पाना हातात कुणी दिला? याला तर बैलगाडीचं वंगणसुद्धा करू देऊ नये! हात तोडले पाहिजे याचे!"

मी पट्टी काढली, चिंधीनं पुसली. निळा रंग निघाला. ट्रॅक्टरचा निळा. आणि कडेला वेल्डिंग, शेळीच्या लेंड्यांसारखं, एकाला एक चिकटलेलं. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात असं वेल्डिंग एकच माणूस करतो. मी माझ्या हातांकडं बघितलं.

मग आठवलं. दहा वर्षांमागं काका सडलेलं रबर घेऊन आले होते. इथं कुठं मिळेना, म्हणून मीच पट्ट्या ठोकल्या आणि वर म्हणलो होतो, "काका, आता सात पिढ्या हलणार नाय." गाडीखालून बाहेर यायला मला लय वेळ लागला.

रबरं बसवली, दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली आणि माझा जीव गेला. इंजिन नाचत होतं! पट्ट्या होत्या तवा जाग्यावर बसलेलं इंजिन आता वरातीत आल्यासारखं डोलत होतं. बरं, आत बसून बघावं तर ते सुचलं नाय. माझी नजर इंजिनावर. डोक्यात नुसता घोळ: लोखंड लावलं तर काकू हलते, रबर लावलं तर इंजिन हलतं, मग चूक कुणाची? शेवटी तोड काढली. उजवीकडं रबर राहू दिलं, डावीकडं माझी जुनी पट्टी परत मारली. दोन्ही पार्ट्या खूश.

भाऊबीजेला सकाळी काकू आल्या. पैठणी, हातात करंज्यांचा स्टीलचा डबा. हौदात उतरल्या, डबा मांडीवर घेतला. काकांनी चावी फिरवली. डबा असा वाजायला लागला, जसा आत कुणी टाळ कुटतोय. काकूंचे झुमके, काकूंची हनुवटी, सगळं त्याच तालात.

"बंद करा." काकू उतरल्या. "मी रिक्षानं जाते. आणि गाडी विकायचा शब्द लक्षात आहे ना?"

काका तसेच बसून. हात स्टेअरिंगवर. वडलांच्या गाडीचं स्टेअरिंग धरलेला माणूस मला बघवेना.

"काकू, थांबा," मी म्हणलो. "गाडी नाय विकायची. तो आडाणी मी हाय. तवाचाबी आणि आत्ताचाबी." मग सगळं ओकलो. पट्टी, निळा रंग, नाचणारं इंजिन.

काकूंनी डोक्याला हात लावला. "अरे, मिक्सरच्या पायाचं रबर झिजलं की काय होतं? अख्खा ओटा थरथरतो. ते रबर मिक्सर हलू नये म्हणून नसतं, ओटा हलू नये म्हणून असतं. इंजिन हलतं तर हलू दे की मेल्या! माझी पाठ हलवू नकोस."

"तेच तर," काका हळूच म्हणले. मला वाटतं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी पट्टी काढली, रबर लावलं. इंजिन परत वरातीत. मी डोळे झाकून घेतले. पण डबा गप. काकूंनी डब्यावर कान ठेवला, मग पदर सावरला आणि म्हणल्या, "चला."

दिवसभर मी रस्त्याकडं बघत होतो, इंजिन कुठं पडलंय असा फोन येतो का म्हणून. दिवस मावळायच्या आत गाडी आली. काकूंनी उतरायचेबी कष्ट घेतले नाय. आतनंच डबा पुढं केला.

"अहो, हा त्या आडाण्याला द्या."

डब्यात भावाकडच्या अनारशांची चवड. सायखेड्यापासून आलेले, कडेला धरलं तरी मोडतील असले जाळीदार अनारसे. एकबी तुटला नव्हता. पहिला मीच तोडला.