बाबांचा साफ केलेला फोटो

माझ्या हाताला सफाई आहे, असं आमच्या स्टुडिओचे मालक येईल त्याला सांगायचे आणि मी आतल्या आत फुगायचे. मालकांना सगळा बाजार भिया म्हणायचा, मीही भियाच म्हणायचे. राजवाड्यावरून सराफ्याकडे वळलं की एक अरुंद जिना, त्यावर आमचा स्टुडिओ. माझं काम रिटचिंगचं. निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. पेन्सिलीने भरलं की प्रिंटवर गोरं येतं, ब्लेडने खरवडलं की काळं. ब्लेड मला क्वचितच लागायचं, कारण काळं कुणालाच नको असतं. लग्नाच्या मुलींचे फोटो तर हटकून माझ्याकडेच यायचे. कुणाचाही चेहरा समोर आला की माझी नजर आधी डागावर जायची, बाकीचं नंतर.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. आमची खोली परदेशीपुऱ्यात, मिलचा भोंगा भिंतीतून ऐकू यायचा. एकदा मागावरचा धोटा उडून त्यांच्या डाव्या भुवईवर बसला होता, तिथे कायमची खाच राहिली. मिल बंद झाली तेव्हा ते म्हणाले, खुलेल दोन महिन्यांत. कितीतरी दिवस ते ड्यूटीच्या वेळेला गेटपर्यंत जाऊन परत यायचे. मग सांवेर रोडच्या कारखान्यांत फिरले. तिथे नव्या मशीनी आणि त्यावर नवी पोरं. पन्नाशी उलटलेल्या विणकराला कोण उभं करतो? शेवटी ते घरात दाराशी बसायला लागले. मी डबा उचलून त्यांच्या बाजूने निघून जायचे. घर माझ्या पगारावर चाललं होतं आणि त्याबद्दल आम्ही दोघंही चकार शब्द काढत नव्हतो.

एका सोमवारी ते सांवेर रोडला जाऊन येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. रात्र आईने दारात बसून काढली. मंगळवारी मी गेटोगेट विचारत हिंडले, बुधवारी महूला मोठ्या बहिणीकडे पाहून आले. कुठेच नव्हते. मिल बंद झाल्यापासून वस्तीत एकदोघांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं, म्हणून जे मनात आणायचं नाही तेच सारखं यायचं. रेल्वे फाटक ओलांडताना रुळांकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचेच. ठाण्यात रिपोर्ट लिहून घेतली आणि ताजा फोटो मागितला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी रोज ढिगाने चेहरे हाताळायचे आणि माझ्या बापाचा एक धड फोटो घरात नव्हता. होता तो बहिणीच्या लग्नातला, सात वर्षांपूर्वीचा. त्यात बाबा पाहुण्यांच्या मागे उभे, अंगात कुणाचा तरी कोट, अर्ध्या गालावर मांडवाची सावली. भियांनी त्याच्यावरून कॉपी निगेटिव्ह काढली, एक पैसा घेतला नाही.

हरवल्याची पोस्टरं लावायचं ठरलं आणि त्या एकाच फोटोवरून आमची जुंपली. भियांचं म्हणणं, पोस्टर छापताना बारीकसारीक सगळं काळं पडतं, तेव्हा कोट-पाहुणे कापून नुसता चेहरा मोठा करायचा आणि मागे पांढरंफट्ट ठेवायचं. तसा एक प्रिंट त्यांनी काढलाही. तेवढ्यात बाबांचे मागावरचे जोडीदार आले, त्यांना मी काका म्हणते. त्यांनी प्रिंट बराच वेळ न्याहाळला, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि न विचारता त्यावर दाढीचे खुंट काढले, गाल आत ओढले, भुवईवरची खाच गिरवून ठळक केली. म्हणाले, आज तुझा बाप असा दिसतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाला भिकारी करून टाकलंत, असं मी त्यांना तोंडावर बोलले. वयाने एवढा मोठा माणूस, त्यांनी पेन्सिल जागेवर ठेवली आणि जिना उतरून गेले. मी तो प्रिंट ड्रॉवरमध्ये कोंबला आणि निगेटिव्ह घेऊन बसले. मांडवाची सावली भरली. डोळ्यांखालचं भरलं, कपाळावरच्या आठ्या भरल्या. आणि हात चालतच राहिला म्हणा किंवा मला तसंच हवं होतं म्हणा, भुवईवरची खाचही भरून टाकली. बसस्टँडवर हजार लोक बघणार, माझा बाप त्यांना इज्जतदार दिसला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. आईने प्रिंट हातात घेतला आणि पदराने पुसला. तिला आवडला. मग कोण काय बोलणार?

'गुमशुदा की तलाश' असं मोठ्या अक्षरांत वर छापून खाली बाबांचं नाव, माझं काम असलेला चेहरा आणि नाक्यावरच्या एसटीडीवाल्याचा नंबर. मिलमधली माणसं पोस्टरं घेऊन उज्जैन, देवास, खंडव्यापर्यंत लावून आली. काकाही गेले, माझ्याशी अबोला धरून. आम्ही वाट बघत बसलो. एसटीडीवाल्याचा पोरगा गल्लीत शिरला की आई उठून दारात यायची, आणि तो साबण घ्यायला आलेला असायचा. मी कामावर जायचे, पण लक्ष जिन्याकडे असायचं. एका नवरीचं नाक मी वाकडं करून ठेवलं. आई दोन ताटं वाढायची आणि तिसऱ्याकडे बघायची नाही.

दहाव्या दिवशी ठाण्यातून निरोप आला की दवाखान्यात एक बेवारस बॉडी आहे, बघून घ्या. आईला सांगितलं नाही, काकांना घेऊन गेले. मुडदाघर तळघरात होतं, जिना उतरून गेलो. चादर सरकवण्याआधी तिथल्या माणसाने आमचं पोस्टर एकदा पाहिलं, मग चादरीखाली वाकून पाहिलं, आणि वैतागून म्हणाला, "बेन, इस फोटू से तो कोई भी हो सकता है।"

ते बाबा नव्हते. पण त्याचं वाक्य जिना चढून माझ्याबरोबर घरी आलं.

दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह परत उजेडावर धरली, या वेळी हातात ब्लेड. खाच खरवडून पुन्हा आणली, आठ्या आणल्या, सावलीऐवजी आत गेलेला गाल काढायला घेतला आणि अडकले. कुठला गाल जास्त बसलाय? केस पुढून गेलेत की मागून? समोरचा दात आहे का पडला? मला आठवेना. गेलं वर्षभर मी या माणसाच्या बाजूने रोज जात होते आणि त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर ते खजील झाले असते, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मीच खजील होत होते. लाज वाटली मला, अजून वाटते.

आईला स्टुडिओत आणून शेजारी बसवलं. ती डोळे मिटून सांगत गेली. डावा गाल जास्त. खालचा एक दात नाही, म्हणून ओठ तिथे आत जातो. डोळे लालसर, झोप नसते. मान थोडी पुढे, पूर्वी नव्हती. ती सांगायची, मी खरवडायचे. मग ड्रॉवरमधून काकांचा प्रिंट काढून शेजारी ठेवला. काकांनी काढलेलं जवळजवळ सगळं बरोबर होतं. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तर म्हणाले, चहा घे आधी.

नवी पोस्टरं आम्ही बसच्या कंडक्टरांकडे दिली. तिसऱ्या दिवशी खंडव्याहून फोन आला. बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या हातात कंडक्टरने पोस्टर ठेवलं होतं. ते चिकटवायच्या आधीच त्याने नंबर फिरवला. ये दादा तो रोज मेरे सामने बैठते हैं, म्हणाला. मी आणि काका मिळेल त्या बसने निघालो. वाटेत घाटात बस थांबली तेव्हा मला सारखं वाटत होतं की आम्ही पोचेपर्यंत ते उठून जातील.

गेले नव्हते. बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी. हुबेहूब आईने सांगितलेले. बऱ्हाणपूरला पॉवरलूमवर काम मिळतं का बघायला गेले होते, असं चहावाल्याकडून आधीच कळलं होतं. तिथे हात सुस्त झालाय म्हणून परत पाठवलं, आणि येताना खंडव्याला उतरले ते पुढच्या बसमध्ये चढलेच नाहीत. चहावाल्याचे ग्लास विसळून द्यायचे, तो खायला द्यायचा. मी मिठी मारायला धावले आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यामागची भिंत दिसली. तिथे माझं पहिलं पोस्टर होतं, बाबा तिथे यायच्या आधी काकांनीच लावलेलं, वर बाबांचं नाव ठळक अक्षरांत. मिठी राहिली बाजूला, मी ओरडलेच. इतके दिवस हे तुमच्या डोक्यावर आहे, आई तिकडे मरायला टेकलीय, तुम्हाला दिसलं नाही?

"दिसलं की," बाबा म्हणाले. "रोज बघायचो."

मग त्यांनी मान वळवून त्या गोऱ्या, गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, जणू माझी समजूत काढावी तसं म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला हा परत पाहिजे. ह्याला मी कुठून आणणार होतो, बेटा?"