फेअर केलेले बाबा

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात लेखनाचा एक कोर्स होता. वर्षभर लिहायचं आणि शेवटी सगळं एका फायलीत लावून द्यायचं. मॅडम तिला संचिका म्हणत, आम्ही फाइलच म्हणायचो. मी तो कोर्स घेतला कारण त्याला लेखी परीक्षा नव्हती आणि तास दुपारचा होता. मोहर्लीकडून येणारी बस रखडली तरी चालून जायचं. लेखिका वगैरे व्हायचं माझ्या डोक्यात नव्हतं. आता तर नाहीच नाही.

पहिला मोठा लेख मी बाबांवर लिहिला. बाबा मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी होते. सगळं आयुष्य ताडोबाच्या गेटाजवळ गेलं, पण या माणसाने कधी वाघ पाहिला नव्हता. पहाटे पाहुण्यांच्या जिप्सी आत शिरायच्या तेव्हा हे कांदे चिरत असायचे, आणि जिप्सी परत यायच्या तेव्हा यांच्या पुऱ्या कढईत असायच्या. आमच्या गावात कापूस वेचताना वाघ दिसलेल्या बाया आहेत, सायकलवरून घरी येताना दिसलेले लोक आहेत, लोटा घेऊन गेलेल्यांना तर नेहमीच दिसतो. बाबांनाच तेवढा दिसला नाही. आई म्हणायची, "तुमच्या फोडणीचा ठसका लागते त्याले, म्हणून दूर राह्यते बिचारा." या एवढ्यावर मी लेख लिहिला होता आणि तो मला बरा वाटत होता.

मंगळवारी पार्क बंद, म्हणून बाबा संध्याकाळी घरी असायचे. ते अंगणातल्या खाटेवर पडून राहायचे आणि मी लेख वाचून दाखवायची. दोन ओळी झाल्या की हात वर. "थांब. असं नाई झालं." मग कसं झालं ते सांगायचे, त्यातून दुसरंच काही निघायचं, त्यातून तिसरं. एखादं वाक्य ऐकून म्हणायचे, "हे काट, मालकानं वाचलं त?" मी हसत हसत सगळं समासात लिहून घ्यायची. समास भरला की कागद आडवा करायचा, तोही भरला की पाठीमागे. शेवटी त्या कागदांवर माझ्यापेक्षा बाबाच जास्त झाले होते. बाण, गोल, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. कुठे चटणीचं बोटही लागलेलं होतं.

आता ते कागद कॉलेजात कसे द्यायचे? मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की फायलीत नुसता शेवटचा लेख नको, आधीचे सगळे खर्डे लावा. मी ते ऐकलंही होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. पण आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रफ वही वेगळी आणि फेअर वही वेगळी. गुरुजींसमोर ठेवायची ती फेअर. खाडाखोड दिसली की मार्क कापायचे, वर वर्गात उभं करायचे. त्यामुळे खर्डे द्यायचे म्हणजे तेही फेअर करूनच द्यायचे, यात मला शंकासुद्धा आली नाही. माझ्याबरोबरच्या गावाकडच्या पोरींनीही तेच केलं. बाबांचंही म्हणणं तेच होतं. "ताट बाहेर पाठवाच्या आधी कड पुसा लागते पोरी. असे गिचमिड कागद पाहून मॅडम काय म्हणन? का इच्या घरी कोणी शिकलेलं नाई."

मी निळ्या शाईने, समास सोडून, पहिला खर्डा, दुसरा खर्डा, तिसरा खर्डा असे मथळे देऊन सगळं सुंदर उतरवलं. बाबांचं मधलं बोलणं गाळलं. ते लेखात थोडंच बसत होतं? बाबांनी प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं. "आता कसं पेपरात छापल्यावानी दिसते," म्हणाले आणि खूश होऊन रफ कागदांचा गठ्ठा उचलून आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातला. थंडीचे दिवस होते, काटक्या ओल्या होत्या. कागदांनी जाळ चांगला धरला, असंही म्हणाले.

फेब्रुवारीत बाबा गेले. रिसॉर्टच्या किचनमध्येच छातीत दुखलं, पाहुण्यांच्या गाडीतून चंद्रपूरला नेलं, दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. यावर मला जास्त लिहायचं नाही. लिहिलं तर तेही फेअरच होईल.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भन्तेजी बोलले, समाजातली दोन-तीन माणसं बोलली. मग काका म्हणाले, "पोरीनं त्याच्यावर लिवलं आहे म्हणतात, वाचू द्या तिले." मी तो फेअर लेख उभी राहून वाचला. लोक शांत बसून ऐकत होते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की यात बाबा नाहीतच. एक स्वयंपाकी आहे, त्याला वाघ दिसत नाही, मधे थोडा निसर्ग आहे. बाबा कुठेच नव्हते. संपल्यावर सगळे चांगलं झालं म्हणाले. आई मात्र आत गेल्यावर म्हणाली, "मधामधात तुये बाबा बोलत होते, ते काऊन नाई वाचलं?"



एप्रिलमध्ये फाइल दिली आणि आठवड्याभरात मॅडमनी मला बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या. बाबांचं त्यांना कळलं होतं, त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं. मग फाइल उघडून म्हणाल्या, "हे तिन्ही खर्डे एकाच बैठकीत उतरवलेत तुम्ही. यात तुम्ही कुठे अडलात, काय खोडलंत, काहीच दिसत नाही. मला मूळ कागद हवेत. कसेही असू द्या, फाटके असले तरी चालतील." मी म्हटलं, ते जाळले. त्यांना पटेना. "कोणी जाळले?" मी बाबांचं नाव घेतलं नाही. "घरात चुकून," म्हटलं. फाइल मिटवून त्या म्हणाल्या, "मग आठवून तयार करा. जमेल तेवढं. खर्ड्यांशिवाय मला ही फाइल पास करता येणार नाही."

बसमध्ये मी रडले नाही, मला राग आला होता. मॅडमचा, शाळेचा, स्वच्छतेच्या त्या सगळ्या मार्कांचा आणि बाबांचासुद्धा. फाटके कागद पाहायला टपलेली माणसं जगात असतात हे आम्हाला कोणी सांगितलं होतं का? आम्ही आपले आयुष्यभर कडा पुसत बसलो.

घरी आल्यावर आईला विचारलं, "बाबा मंगळवारी काय काय बोलायचे गं?"

"मी त भाकरी करून राह्यली राहो. तुमी दोघं हासत होते, एवढं ध्यानात आहे."

माझंही तसंच होतं. कशावर बोलले ते आठवत होतं. एकदा मिठावरून काहीतरी, एकदा नागपूरच्या एका पाहुणीच्या लेकराने सगळे गुलाबजाम संपवले होते त्यावरून. पण ते कसं बोलले, ते शब्द कोणते, नेमकं काय ऐकून मी पोट धरून हसले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. मोबाइलमध्ये बाबांचा एकच व्हिडिओ सापडला, मामेभावाच्या लग्नातला. बाबा नाचताहेत, तोंड हलतंय, काहीतरी ओरडून सांगताहेत. आवाज सगळा डीजेचा. मी तो कितीदा लावला असेल. त्यांच्या ओठांवरून काही कळतं का म्हणून मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसायची. काही कळलं नाही.

मग मी खोटे खर्डे लिहायला बसले. ते काम फार अवघड नव्हतं, याचीच जास्त लाज वाटते. चांगलं वाक्य घ्यायचं, त्याच्या आधी एक वाईट वाक्य लिहायचं आणि ते खोडायचं. बाण काढायचे. पान चुरगळून परत सरळ करायचं. चटणीचा डागही पाडला. समास तेवढा कोरा राहिला. तिथे बाबांना बोलायचं होतं आणि बाबा बोलत नव्हते. कोरा समास घेऊन मी कितीतरी वेळ बसले, आणि मग हाताने आपोआप लिहिलं: "लोकं वाघाची वाट पाह्यतात, मी लोकायची पाह्यतो."

एका झटक्यात आलं, खाडाखोड न होता. लिहिल्या लिहिल्याच मला कळलं की हे बाबांचं नाही. बाबा असं बोलणारा माणूसच नव्हता. जिप्सी उशिरा आली की पुऱ्या वातड होतात, असं काहीतरी ते म्हणाले असते. पण तेही मी अंदाजानेच म्हणते आहे. वाक्य मी तसंच ठेवलं, खाली आणखी दोन-चार तशीच लिहिली आणि फाइल देऊन टाकली.

मॅडमना ती फाइल फार आवडली. त्या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'सगळ्या संचिकेत जिवंत असं हेच. तुमचे वडील इथे भेटले.' वर्गात सगळ्यांना वाचूनही दाखवलं. मी पहिली आले. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या आणि मला तिथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं.

फाइल घरी आणली ती आईच्या हाती पडली. आई सातवी शिकलेली आहे. बोट ठेवून वाचते, पण सगळं वाचते. ती रोज दुपारी फाइल घेऊन बसू लागली. लेख वाचत नसे, समास वाचायची. एक दिवस शेजारच्या मावशीला सांगताना मी तिला ऐकलं, "इच्या बाबायची बोलाची पद्धतच तशी. म्हणे, लोकं वाघाची वाट पाह्यतात, मी लोकायची पाह्यतो." सांगताना तिचा चेहरा बाबा गेल्यापासून पहिल्यांदा थोडा उजळला होता. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण तिच्याकडे बघून पाणी प्यायला आत गेले.

यंदा प्रथम पुण्यस्मरण झालं. काकांनी चौकात फ्लेक्स लावला. वर विनम्र अभिवादन, मधे बाबांचा पासपोर्ट फोटो मोठा केलेला, आणि खाली अवतरणचिन्हांत ते वाक्य. रिसॉर्टचे लोक आले होते. मॅनेजर म्हणाले, हे किचनमध्ये फ्रेम करून लावू. बाबांबरोबर वर्षानुवर्षं कांदे चिरलेला मदतनीस फ्लेक्ससमोर उभा राहून मान हलवत म्हणाला, "असाच बोले भाऊ. मायासमोर कितीदा बोलला असन." त्याचे डोळे भरून आले होते. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवत होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बरं झालं तू लिवून ठेवलं. ते वाचलं का मले त्यायचा आवाज येते."

मी डोळे मिटून पाहिलं. बाबांनी हात वर करून थांबवलेलं, मालकाला भिऊन काटायला लावलेलं, मला हसवलेलं, काहीतरी एक, कसलंही, त्यांच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. आवाज आला. अगदी बाबांचाच होता, खाटेवरून आल्यासारखा. आणि तो तेवढंच एक वाक्य म्हणत होता.