काळ्या काठातली वाट

पुढील निवेदन मी पूर्ण शुद्धीत, चहाखेरीज कुठलंही पेय न घेता करत आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या सातही अमिराती पालथ्या घातल्या तरी माझ्या थोरल्या बहिणीइतकी जगावेगळी बहीण कुणाला सापडणार नाही. ही बहीण नवाहो आहे. म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाची, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. ती उभ्या हातमागावर लोकरीचे गालिचे विणते आणि ते गालिचे म्युझियमवाले हातमोजे घालून उचलतात. मी ठाण्याचा, लॉजिस्टिक्समधला. मला हातमोजे घालून कुणी उचलावं असं माझ्या हातून अद्याप काही घडलेलं नाही.

तिची मुलगी इथे दुबईत नर्स, म्हणून ती डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पहिल्याच दिवशी मी शेजारधर्म म्हणून बाकरवडीची बशी घेऊन वर गेलो. बाईंनी दार उघडलं आणि नावाआधी आईचं कूळ सांगितलं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. त्यांच्यात ओळख अशीच देतात. मग ती माझंही कूळ ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत थांबली. दुबईत इतकी वर्षं काढली, पण हुद्दा आणि कंपनी सोडून मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला असं भरून आलं की मी थेट आजोळापर्यंत पोचलो. आजोळ खाडीकाठचं आणि विहिरीचं पाणी मचूळ, हेही सांगून टाकलं. बाईंचे डोळे लकाकले. त्यांच्या आईचं कूळ 'कडू पाण्याचे लोक'. "म्हणजे आपण नात्यातले," ती म्हणाली, "तू धाकटा. माझं सामान अजून खाली आहे." सामानात आठ फुटी माग होता. तो जिन्याने वर नेईपर्यंत माझ्या तोंडून तीनदा 'ताई' निघालं, ते कायमचंच.

ताईला बोट दाखवणं असभ्य वाटे, त्यामुळे ती दिशा ओठांनी दाखवायची. टॅक्सीत मागे बसून ती ओठांचा चंबू डावीकडे करी आणि बिचारा पठाण ड्रायव्हर आरशात बघून लाजेने उजवीकडे वळे. तिच्याकडच्या काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या असत, साप जमिनीखाली झोपलेले असताना. आमची दोन कार्टी जुलै महिन्यात एसी सोळावर ठेवून, ब्लँकेट पांघरून वर जाऊन बसली. "आंटी, इट्स विंटर नाऊ." ताईने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि सापांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही, असं सांगून त्यांना खाली पिटाळलं. पूर्वी त्यांच्यात जावई आणि सासू आदरापोटी एकमेकांकडे बघतसुद्धा नसत, हे तिनेच मला सांगितलं. तेव्हा आमच्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. ही उदात्त प्रथा घरात ताबडतोब लागू करावी, असा प्रस्ताव मी जेवताना मांडला. बायको "खलास" एवढंच म्हणाली. ती प्रथेबद्दल बोलली की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

पण खरी ताई मागासमोर. सकाळी नऊला आमच्या छतावर ठपठप सुरू व्हायचं. ती लाकडी फणीने विणलेली ओळ खाली ठोकून बसवायची. नक्षीचा कागद नाही, खूण नाही, सगळं डोक्यात. मन बिघडलेलं असेल तर मागाला हात लावायचा नाही, कारण मनात असेल ते लोकरीत उतरतं, अशी तिची श्रद्धा. एकदा मी आणि बायको पडद्यांच्या रंगावरून कडाक्याने भांडत होतो, तर ताई खाली आली आणि शांतपणे म्हणाली, "भांडा, पण यल्ला, लवकर आटपा. माझी लाल ओळ वाकडी जातेय."

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. तिचा अकरा महिने खपून विणलेला गालिचा एका गॅलरीत तीन दिवस लागणार होता आणि मग तो खोर फक्कान गावचे एक गृहस्थ आपल्या मजलिससाठी, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीसाठी नेणार होते. गॅलरीत पोचवायचं काम गाडीवाल्या धाकट्या भावाकडे. आदल्या दिवशी गालिचा घरी आणून उलगडला, तर काय! लाल-करड्या नक्षीभोवती चारही बाजूंनी दणदणीत काळा काठ, आणि उजव्या कोपऱ्यात आतला एक करडा धागा तो काठ चिरून थेट बाहेरच्या कडेपर्यंत आलेला. मला वाटलं, ताईची चूक झाली. वय झालं, नजर चुकली, आता जगासमोर शोभा होणार. सांगून तिचं मन कशाला दुखवा? मी गालिचा उचलला आणि अल नहदात उस्मानचाचांकडे गेलो. चाचा रत्नागिरीकडचे, रफूतले बादशहा. पैसे घेणार नाही म्हणाले, कारागिराची लाज कारागिरानेच राखायची असते. त्यांनी काळ्या लोकरीने तो धागा असा झाकला की मला कोपरासुद्धा ओळखता येईना.

पहिल्या दिवशी गॅलरीत ताईने कोपऱ्यावर नजर टाकली आणि काळ्या काठावरून बोटं फिरवत काहीतरी शोधू लागली. मी ऐटीत माझा पराक्रम सांगितला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"ती माझी वाट होती," ती म्हणाली. "अकरा महिने मी यात आहे. काठ बंद करताना विणणारीला बाहेर पडायला वाट ठेवतात. तू मला आत कोंडलंस, धाकट्या. यातून सुटल्याशिवाय पुढचं विणू कशी?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले आणि छत गप्प. वर नवा ताणा लावलेला माग तसाच उभा होता. सासूबाईसुद्धा माझ्याकडे बघेनात, आणि मला त्यात काडीची मजा वाटेना.

पुढे मुलीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ताई मागासकट ॲरिझोनाला परत गेली, हे इथेच सांगून टाकतो, कारण शेवटी मला तिला विमानतळावर सोडायचं नाही. वर आता एक फार सज्जन कुटुंब राहतं. इतकं शांत, की सकाळी नऊला बायको उगाच छताकडे बघते.

मला गोष्ट संपवायची आहे ती तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी. खोर फक्कानची गाडी खाली उभी आणि मी हातापाया पडून आणलेले उस्मानचाचा गॅलरीत गुडघे टेकून, जाड चष्मा लावून त्या कोपऱ्याशी बसलेले. सूटबूटवाले ज्यूसचे ग्लास हातात घेऊन भोवती गोळा झालेले. सुदैवाने चाचांनी मूळ धागा कापला नव्हता. आयुष्यभर भोकं बुजवली, उघडायला आज पहिल्यांदाच बसलो, असं काहीतरी ते पुटपुटत होते. शेजारी ताई. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. ती ओठांनी दाखवी आणि चाचा बरोबर तिथेच सुई घालत. एकेक काळा टाका निघत गेला. कडेचा शेवटचा टाका सुटला, करडा धागा मोकळा दिसला, आणि चाचा सगळ्या गॅलरीसमोर आपल्या गावच्या बोलीत मोठ्याने बोलून गेले,

"ये गो बाय, ये आता भायेर."