उंबरठ्यापलीकडचा अर्धा सभासद

तुझं पत्र मिळालं. नव्या नोकरीत तू काय करतेस ते तू दोन पानं भरून लिहिलं आहेस. झाडं, पाणी, जंगल यांचे निर्णय जिथे होतात, त्या जागांवर पुरुष किती आणि बायका किती, हे तू मोजतेस. खाली तुझ्या भावाने दोन ओळी जोडल्या आहेत, की आजीच्या काळात असलं काही नसेल. होतं. मी स्वतः ते मोजलं आहे आणि माझी मोजणी तालुक्याहून लाल पेन्सिलीच्या खुणेसह परत आली होती. सगळं क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हा दोघांनाही कळेल.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. तुमचे आजोबा उंद्रीजवळच्या एका गावात शाळेचे हेडमास्तर होते. आमच्याकडे आधी नागपूरचे कागद यायचे, मग मुंबईचे यायला लागले, आणि दोन्हीकडचे काही काही कागद अजून इंग्रजीत असायचे. गावात इंग्रजी वाचणारी माणसं दोन. आजोबा दिवसभर शाळेत, म्हणून कागद माझ्याकडे येत. ते घेऊन ग्रामसेवक यायचे. जाड भिंगांचा चष्मा, अतिशय नेमका माणूस. आमच्या ओट्यावर बसण्याआधी ते ओटा पंचायतीच्या हद्दीत आहे का हे मनाशी ठरवून घेत असावेत, असं मला वाटायचं.

एके दिवशी त्यांनी असाच एक चक्रमुद्रित तक्ता आणला. प्रत्येक गावाने झाडे व पाणी समिती नेमायची, तिच्यात बायका घ्यायच्या, आणि दर बैठकीनंतर तक्ता भरून पाठवायचा. एकूण सभासद किती, त्यांत स्त्रिया किती, हजर किती, मतदानात भाग घेतलेले किती.

समिती आधीच झालेली होती. पाच जण. अध्यक्ष सरपंच, गावातले मोठे जमीनदार, त्यांना सगळे पाटील म्हणत. त्यांचे चुलते, ज्यांना सगळं गाव काका म्हणे. गावचा सुतार. बायकांमध्ये पाटलांची बायको, पाटलीणबाई, आणि तळ्याखाली भाजीचा मळा करणारी एक बाई. ती डोक्यावर टोपली घेऊन दारोदार वांगी विकायची, त्यामुळे गावात कोणाच्या घरी काय शिजतं हे तिला ठाऊक असे. अध्यक्षाने मत द्यायचं ते बरोबरी झाली तरच, असा नियम होता.

पहिल्या बैठकीपुढे विषय एकच होता. समितीला बसायला टेबल-खुर्च्या नव्हत्या. तळ्याच्या पाळीवर जुन्या बाभळी होत्या. त्या तोडून सुताराला द्यायच्या, त्याने समितीला टेबल आणि पाच खुर्च्या करून द्यायच्या, उरलेलं लाकूड त्याने गाड्यांसाठी ठेवायचं. झाडांची काळजी घेणाऱ्या समितीला नीट बसता यावं म्हणून झाडं तोडायची, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मीही विषयपत्रिका सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

वाटलं ते फक्त मळेवाल्या बाईला. तिचा मळा त्या पाळीच्या बरोबर खाली होता. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, सगळं घर त्यावर चाले. पाळ मातीची, आणि ती माती बाभळीच्या मुळांनी धरलेली. झाडं गेली की एखाद्या पावसाळ्यात पाळ फुटणार, आणि तळं तिच्या वाफ्यांत येणार.

बैठक पाटलांच्या ओसरीवर होती. पुरुष ओसरीवर सतरंजीवर बसले. पाटलीणबाई काकांसमोर येणं शक्य नव्हतं, ते चुलतसासरे. ती माजघरात उंबरठ्याच्या आत बसली. मळेवाली बाई एकटी पुरुषांत कशी बसणार, म्हणून तीही आत तिच्याशेजारी बसली आणि पाळीचं सगळं पाटलीणबाईच्या कानावर घातलं. मला लिहायचं होतं, म्हणून माझी खुर्ची दाराच्या कडेला ठेवली होती.

मत घ्यायची वेळ आली. बाभळी तोडाव्या म्हणून काकांनी आणि सुताराने हात वर केले. तोडू नयेत म्हणून दारातून दोन हात बाहेर आले, बांगड्यांसकट. ग्रामसेवक थबकले. त्यांनी चष्मा पुसला. हात बैठकीत आहेत, पण बाया बैठकीत नाहीत, असा त्यांचा पेच होता. हजेरी धरावी तर त्या ओसरीवर नाहीत. गैरहजर म्हणावं तर हात दिसताहेत.

पाटील म्हणाले, "अर्ध्या धरा."

ग्रामसेवकांना ते पटलं. पण तोंडी कसं धरणार, म्हणून त्यांनी आधी ठराव करायला लावला. उंबरठ्याच्या पलीकडे बसलेला सभासद हजेरीत आणि मतदानात अर्धा धरावा. तो एकमताने मंजूर झाला, कारण आतल्या दोघींना तो ऐकूच गेला नाही. त्या वेळी चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. ठराव माझ्या अक्षरात आहे. लिहिताना मला फक्त एवढंच सुचलं की अर्धा हा शब्द अंकात लिहू नये, अक्षरात लिहावा.

दोन विरुद्ध दोन अर्धे, म्हणजे एक. बाभळी तोडायचं मंजूर झालं. तक्त्यात मी इंग्रजीत लिहिलं: हजर स्त्रिया, एक, खाली टीप, दोन अर्ध्या.

दुसऱ्या दिवशी मळेवाली बाई आमच्या ओट्यावर आली. टोपली उतरवली, पण वांगी दाखवली नाहीत.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुमी इंग्रजी शिकल्या ना? मंग मले सांगा, अर्धी बाई कोनत्या बाजूनं अर्धी असते?"

 मग तिनेच हिशेब मांडला. "पुढच्या बैठकीत मी एकली बाहेर बसली, तरी पाटलीन आतच राह्यते. म्हंजे आमी दीड. ते दोन. माह्या मळ्यावर तळं येऊन राह्यलं ना बाई, अर्ध्या बाईच्या पायी." ती रडली नाही. आमच्या अंगणातल्या आळूकडे पाहून म्हणाली की याला पाणी जास्त होतंय. आणि गेली.

पुढची बैठक होणारच नव्हती. ती झाली ती तालुक्यामुळे. बाभळींना कुऱ्हाड लागायच्या आत, महिन्याभरात माझा तक्ता परत आला. स्त्रियांच्या रकान्यावर लाल पेन्सिलीने गोल केलेला, आणि शेजारी लिहिलेलं: अर्धी स्त्री म्हणजे काय, खुलासा करावा. अधिकारी स्वतः येऊन बैठक पाहतील. बाभळी तोडायचा ठराव तोपर्यंत स्थगित.

पाटील बेचैन झाले. आपल्या घरात साहेबाला अर्ध्या बायका दिसल्या तर गावाची शोभा जाईल, असं त्यांना वाटलं. पाटलीणबाईला त्यांनी ओसरीवर येऊन बसायला सांगितलं. ती म्हणाली की मी बसेन, पण काकांना विचारा. काकांना विचारलं. काका म्हणाले की घरात सून आल्यापासून तिच्यात आणि आपल्यात उंबरठा आहे, आता साहेबासाठी तो ओलांडला तर लोक काय म्हणतील. उंबरठा पाहिजेच. पाटलांनी कितीतरी समजावलं. काका उंबरठ्यावरून हटेनात.

शेवटी तोड सुताराने काढली. उंबरठाच पाहिजे ना, मग तो हलवू. माजघराच्या दाराची चौकट त्याच्याच आज्याने बसवलेली होती. ती उंबरठ्यासकट काढायची आणि ओसरीच्या टोकाला काकांसमोर उभी करायची. काका चौकटीच्या पलीकडे, बाकी सगळे अलीकडे. सुनेच्या आणि सासऱ्याच्या मधे उंबरठा राहतो, आणि साहेबाला दोन्ही बाया ओसरीवर अख्ख्या दिसतात. हे ऐकून पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. काकांनीही विचार करून मान डोलावली. मला हे सगळं अगदी रीतसर वाटलं होतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

बैठकीच्या सकाळी चौकट निघाली. भिंतीतून थोडी माती पडली आणि दाराच्या जागी भगदाड राहिलं. सागाची चौकट, दोन माणसं लागली न्यायला. ती ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली. मागे काका तक्क्याला टेकून बसले, आणि चौकटीतून बाहेर बघायला लागले. चौकट उभी राहीना. ज्वारीची दोन पोती टेकवली, तरी डुले. काका म्हणाले की ही माझ्या अंगावर येते. तेव्हा सुतार स्वतः चौकटीत उभा राहिला, एक पाय उंबरठ्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोन्ही हातांनी तिच्या उभ्या बाह्या धरल्या.

जीप आली. अधिकारी गंभीर चेहऱ्याचे, ओसरीवर चप्पल काढून बसले. कोपऱ्यात उभ्या केलेल्या चौकटीकडे त्यांनी दोनदा पाहिलं, विचारलं मात्र काही नाही. नवीन राज्यात काय काय असू शकतं याचा त्यांनाही अंदाज नसावा. पाटलीणबाई आणि मळेवाली बाई सतरंजीवर बसल्या. चहा आला. काकांचा कप चौकटीतून आत दिला.

विषय परत तोच. अधिकाऱ्यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. मळेवाली बाई बोलली, फार नाही. पाळ मातीची आहे. बाभळीच्या मुळ्यांनी धरली आहे. खाली माझा मळा आहे. खुर्चीवर बसून पाळ फुटलेली बघायची असेल तर तोडा.

मतं घेतली. तोडाव्या म्हणून काकांनी चौकटीपलीकडून हात वर केला. सुताराला हात सोडता येईना, म्हणून त्याने मान वर केली. तोडू नयेत म्हणून दोन्ही बायांनी हात वर केले. पाटील हसले. बरोबरी झाली, आता माझं मत, असं म्हणून त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

ग्रामसेवकांनी ठरावाची वही उघडली. माझ्या अक्षरातला ठराव त्यांनी संथपणे वाचला. मग चष्म्यावरून कोपऱ्यात पाहिलं.

"काका उंबरठ्याच्या पलीकडं हायेत," ते म्हणाले. "अर्धे. सुतारभाऊ, तुमचा एक पाय इकडं, एक तिकडं. तुमीबी अर्धे. दोन्ही मिळून एक. बाया दोन. बरोबरी नाही."

 पाटलांनी आधी ग्रामसेवकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू अक्षर माझं म्हणून अर्थही माझाच. मग ते सुताराकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू काऊन उभा आहेस तिथं? चौकट सोड अन् इकडं ये. एकटे काका अर्धे राहू दे."

मला वाटतं पाटलांनी गणित केलंच नव्हतं. सुतार अख्खा झाला असता तरी त्यांची बाजू दीडच होती. पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. सुतार हलला नाही.

"पाटील," तो म्हणाला, "मी सोडली ना, तं काका अर्धेबी नाही राह्यत."

आतून काका म्हणाले, "सोडू नको बे."

मळेवाल्या बाईने पदर तोंडाला लावला. पाटलीणबाईने खाली मान घातली, पण तिचे खांदे हलत होते. अधिकाऱ्यांनी वहीतला ठराव स्वतः वाचला, कोणाच्या सह्या आहेत ते पाहिलं. पहिलीच सही पाटलांची होती. त्यांनी मला तक्ता भरायला सांगितला. मी लिहिलं: हजर स्त्रिया दोन, हजर पुरुष, अध्यक्ष सोडून, एक. मी आजवर भरलेल्या तक्त्यांत टीप न देता भरलेला तो एकच. माझं काय धरायचं असं मी ग्रामसेवकांना विचारलं, कारण मी सगळा वेळ तिथेच होते. ते म्हणाले, तुम्ही सभासद नाही, तुम्ही शून्य.

बाभळी राहिल्या. तालुक्याहून पुढच्या महिन्यात पत्र आलं, की समितीत पुरुषांचं प्रमाण काळजी करण्याइतकं कमी दिसतं, ते वाढवण्यासाठी काय उपाय केले ते कळवावे. पाटलांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं आणि नंतर घडी करून टोपीत ठेवलं. खुर्च्या झाल्या नाहीत. समिती पुढेही सतरंजीवरच बसली. काका मात्र परत आले नाहीत. अर्धा म्हणवून घ्यायला आपण काही बाई नाही, असं त्यांनी निरोप धाडून कळवलं.

चौकट परत बसवायला सुताराला सवड होईना. पेरण्या आल्या, गाड्यांची कामं आली. पाटलांच्या माजघराला चार महिने दार नव्हतं, आणि कोण आत, कोण बाहेर हे ग्रामसेवकांनाही सांगता येईना, म्हणून त्या चार महिन्यांत सगळेच अख्खे धरले गेले. शेवटी सुतार आला, तेव्हा मी तिथेच होते. पाटलीणबाई म्हणाली, "वरचं लाव, बाजूचं लाव. खालचं राहू दे. पान्यानं भरलेली गुंडी घेऊन जाताना ठेच लागते मले."

सुताराने पाटलांकडे पाहिलं. पाटील ताकाचा पेला पीत होते, आणि ते पीतच राहिले.

तो सागाचा उंबरठा चार-आठ दिवस अंगणात पडून होता. मग मळेवाली बाई एका सकाळी वांगी घेऊन आली, टोपली रिकामी केली आणि परत जाताना उंबरठा डोक्यावर घेऊन गेली. आम्ही गाव सोडलं तेव्हा तो तळ्याच्या पाळीवर, बाभळीच्या सावलीत, पाण्याला लागून बसवलेला होता. बायका त्यावर धुणं आपटत होत्या. एक उंबरठ्याच्या अलीकडे पाण्यात उभी होती, एक पलीकडे पाळीवर, आणि मी सवयीने त्या किती ते मोजलं.