साडीगार्ड काढून थैलीगार्ड

डॉक्टर दारात येण्याआधी त्यांचा वास यायचा. शेण, फिनेल, बुरसटलेलं चामडं, आणि त्या सगळ्याखाली म्हशीच्या पोटात दोन-दोन दिवस अडकून सडलेल्या वारेचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास. मी न्हाणीत बादली भरून ठेवायची आणि खिडकीतूनच सांगायची, मागून या. तरी हा माणूस पुढच्या दारानं हसत आत यायचा आणि त्याच हातानं गुळाचा डबा उघडायचा. शी! हा माझा नवरा; जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, पण वासाचं आधी.

लग्न जमवणाऱ्या मामांनी आमच्या घरी एवढंच सांगितलं होतं की मुलगा डॉक्टर आहे, सरकारी नोकरीत आहे. आमचे आण्णा पूर्णेला रेल्वेत बुकिंग क्लार्क. परीटघडीचा पांढरा शर्ट अंगात असल्याशिवाय ते खिडकीत बसायचे नाहीत. डॉक्टर म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. साखरपुड्याच्या दिवशी एक म्हातारा सरळ पाटाजवळ येऊन बैलाच्या खांद्याचं दुखणं सांगू लागला, तेव्हा सगळा उलगडा झाला. तोवर मला कुंकू लागलं होतं. पालमला राहायला गेल्यावर कळलं की तिथं यांना नुसतं डॉक्टर कुणीच म्हणत नाही, ढोरडॉक्टर म्हणतात. म्हणजे मी ढोरडॉक्टरीण.

त्यांच्या फटफटीला मागे दोन्ही बाजूंना चामड्याच्या थैल्या लटकवलेल्या असत. त्यात औषधाच्या बाटल्या, दोर, चिमटे आणि कधी धुतलेली, कधी न धुतलेली फडकी. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींच्या त्या वर्षांत रस्त्यारस्त्यावर पोलीस गाड्या अडवून सामान तपासायचे. आमची थैली उघडली की शिपाई तोंड फिरवून म्हणायचा, जा बाबा जा. डॉक्टरांना याचा कोण अभिमान! वासाविषयी काही म्हटलं तर त्यांचं एकच उत्तर असायचं. "वास आला म्हंजे जनावर बोलायलंय." मग बोलू दे, पण ते माझ्या मांडीला चिकटून कशाला? मागे एका बाजूला पाय सोडून बसलं की ती थैली नेमकी माझ्या मांडीला लागायची. घरी आल्यावर लुगडं बाहेरच्या दोरीवर जायचं.

एकदा काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर गाडी घसरली आणि आम्ही दोघं आडवे झालो. डॉक्टर आधी उठले. उठले ते थेट थैलीकडे. बाटल्या फुटून पांढरं औषध चिखलात वाहत होतं. डोक्याला हात लावून म्हणाले, कॅल्शियम गेलं. माझा पाय अजून गाडीखालीच होता.

पुढच्याच आठवड्यात ते परभणीला जाऊन गाडीला गार्ड बसवून आले. थैल्यांभोवती जाड लोखंडी नळी अशी वाकवलेली की गाडी पडली तरी थैली जमिनीला टेकू नये. पण डावीकडे साडीगार्ड होता, लुगडं चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. दोन्ही मावेनात, तेव्हा यांनी साडीगार्ड काढून टाकला. बायकांना पाय ठेवायची चपटी पट्टी त्या जाळीलाच असते. जाळीबरोबर तीही भंगारात गेली. पाय कुठं ठेवू विचारलं, तर म्हणे गार्डवर ठेव, लय मजबूत हाय.

मजबुतीचं काय लोणचं घालायचं? गोल नळी. चप्पल सटकायची, तळव्यात कळ जायची, उतरल्यावर पाय बधिर. तळव्याला घट्टा पडला तो पडलाच. बाटल्यांचे एवढे लाड आणि बायकोचा पाय लोंबकळतोय, असं मी एकदा चिडून बोलले. ते गंभीर झाले. म्हणाले, "बाटली फुटली तर जनावर जातं. तुझा पाय दुखला तर तू सांगतीस तरी. त्याला सांगता येत न्हाई." अहो, मी सांगतच होते की! ऐकत कोण होतं?

हे सगळं मी गिळलं. पण धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्यांना बजावलं. एक दिवस, फक्त एक दिवस मला माणसासारखं माहेरी जायचंय. थैल्या काढायच्या, धुतलेला शर्ट घालायचा, वाटेत कुठं थांबायचं नाही. त्यांनी सगळं कबूल केलं. सकाळी थैल्या खरंच काढल्या. गार्ड नटबोल्टनं आवळलेला होता, तो राहिला. मी ठेवणीतला शालू नेसले आणि नळीवर पाय टेकवून बसले.

निम्म्या वाटेत एक शेतकरी हात पसरून आडवा आला. म्हैस सकाळपासून अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. नुसतं बघून येतो म्हणाले आणि गेले. मी बांधावरच्या दगडावर पदर नाकाला लावून बसले. तास झाला, तासाच्या वरही वेळ गेला. म्हैस सुटली, रेडकू जगलं, आणि डॉक्टर खांद्यापर्यंत हात माखून, धुतलेल्या शर्टाचं वाटोळं करून हसत आले. विहिरीवर धुतलं त्यांनी, पण तो वास पाण्यानं कधी गेलाय?

पूर्णेला पोचलो तर अक्षता पडून गेल्या होत्या. सख्ख्या भावाच्या डोक्यावर माझी अक्षता पडली नाही. मला डॉक्टरांकडे बघवेना. मांडवात सगळ्या जावयांना फेटे बांधले. यांच्या जवळ यायला फेटेवाला तयार होईना, म्हणून फेट्याची घडीच हातात ठेवली. पंगतीत शेजारचा पाहुणा पत्रावळ उचलून पलीकडे गेला. नवरीच्या मावशीनं पदर नाकाला लावला. रोज मी तेच करायची, पण तिनं केलेलं पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बायकांच्या पंगतीतून उठले आणि डॉक्टरांच्या शेजारच्या त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसले. वास येतच होता. दोन घास जेमतेम गेले.

निघताना आण्णा मला बाजूला घेऊन, पण डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू आगगाडीनं जा. मी बसवून देतो. गंगाखेडपर्यंत पाय पसरून जाशील, तिथून पालमला एसटी." माझा पाय सुजला होता. हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

डॉक्टर गाडीजवळ गेले, फेट्याची घडी झटकून उलगडली आणि तो गुलाबी फेटा गार्डच्या नळीला, माझा पाय टेकायचा तिथं, वेढ्यावर वेढे देऊन गुंडाळू लागले. माझ्या काकू ओरडल्या की अहो, मानाचा फेटा तो. त्यांनी शेवटची गाठ मारली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि मला म्हणाले, "मऊ हाय. ठेवून बघ."

माझ्या माहेरचा आहेर, त्याला त्या हातांचा वास लागलेला, आणि तो सगळ्या गोतावळ्यासमोर माझ्या पायाखाली.  आण्णांचा चेहरा त्यांच्या शर्टासारखा पांढरा झाला होता. मी डावी चप्पल काढून हातात घेतली, मागे बसले आणि पाय ठेवला.

पालम येईपर्यंत पाय दुखला नाही.